चार बोटं रुंद

माझी गाडी पूर्ण होऊ नये असं मला वाटायला लागलं, तेव्हा ती जवळजवळ पूर्ण झाली होती. सहा वर्षं मी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. हैदराबादेत आबिड्सची ऑफिसं सुटली की लोक घरी जातात, बायकापोरांना घेऊन फिरायला जातात. मी नल्लकुंट्याच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गंजलेल्या बोल्टांशी भांडत बसायचो. आता एकच भाग राहिला होता, मागच्या चाकांचं हौजिंग, आणि तो आणायला माझं मन होत नव्हतं.

गाडी कसली ते आधी सांगतो, कारण नाव सांगितलं की लोक माझ्याकडे वेडा म्हणून बघतात. तिला हॉट रॉड म्हणतात. एखादी फार जुनी गाडी घ्यायची, पुढचे मडगार्ड काढून टाकायचे, छप्पर कापून खाली आणायचं, पोटात तिला न झेपणारं इंजिन बसवायचं आणि रस्त्यावर काढायची. अमेरिकेतल्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर काढलेला हा रिकामटेकडा उद्योग. त्यातही माझा हट्ट असा, की गाडी त्या काळातलीच वाटली पाहिजे. एखादा नवा चकचकीत बोल्ट दिसला तरी माझं डोकं फिरतं. हे खूळ मला आबिड्सच्या फुटपाथवर दर रविवारी मांडलेल्या जुन्या इंग्रजी मासिकांतून लागलं. कॉलेजात होतो, वडील नुकतेच गेले होते, आणि ती मासिकं चाळताना दुसरं काही आठवत नसे. सांगाडा मिळाला तो मात्र फार उशिरा, नामपल्लीत एका म्हाताऱ्या वकिलाच्या आवारात. त्यात कुत्री व्याली होती. पिल्लं मोठी होईपर्यंत वकिलांनी मला गाडी उचलू दिली नाही.

हे खूळ माझं असलं तरी काम माझं नव्हतं. काम मामांचं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या मराठवाड्याकडच्या लोकांत सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे, आणि जावयाला कुणी नावानं हाक मारत नाही, पाहुणे म्हणतात. मामांचे आजोबा देगलूरकडची शेती सोडून इकडे आले तेव्हा हैदराबाद म्हणजे आपलंच संस्थान होतं. मामा इथंच वाढले, बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच रिटायर झाले. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी मी तो सांगाडा घरी आणला. सगळे हसले, एकटे मामा हसले नाहीत. ते खाली वाकले, चेसीवरून हात फिरवला, आणि पुढच्या रविवारी पान्यांची पिशवी घेऊन बरकतपुऱ्याहून चालत आले. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

चुकला नाही असं म्हणतो, पण दोन चुकले. दोन वर्षांपूर्वी माझा आणि त्यांच्या मुलीचा घटस्फोट झाला. लोक म्हणतात गाडीमुळे मोडलं. लोकांना काय, त्यांना कारण हवं असतं. आम्ही दोघंही बरी माणसं होतो, एका घरात मात्र आम्हाला एकमेकांशी बोलायला काही सुचत नसे. भांडण असतं तर निदान आवाज तरी झाला असता. ती बंगळुरूला नोकरीवर गेली, कागद झाले, आणि सगळं इतक्या सभ्यपणे संपलं की रडायचीही सोय राहिली नाही. मामा दोन रविवार आले नाहीत. मी मनाशी म्हटलं, साहजिकच आहे. तिसऱ्या रविवारी नऊच्या सुमाराला शेडच्या दारात पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पाहुणे, क्लचची प्लेट आली का?"

मी प्लेट आणायला आत गेलो आणि नळ सोडून तोंड धुतलं.

तसं पाहिलं तर आता ते माझे कोण? सासरे नाहीत. मित्र म्हणावं तर त्यांच्यासमोर मी आजही मांडी घालून बसत नाही. नातं कायद्यानं मिटलं होतं, पण त्याची वागणूक मात्र तशीच राहिली होती. ते मला अहोजाहो करत, मी त्यांच्या हातातून जड वस्तू घेई, आणि दोघांपैकी कुणीही तिचं नाव काढत नसे. गाडी मधे होती म्हणून हे चालून जात होतं. इंजिनाबद्दल बोलताना माणसाला दुसऱ्या कशाबद्दल बोलावं लागत नाही.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात मामींचा फोन आला. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा आवाज ऐकून मी उभाच राहिलो. त्या फार चांगल्या बाई आहेत, म्हणूनच त्यांना बोलणं जड जात होतं. मुलीसाठी एक स्थळ आलंय, मुलगा बंगळुरूचाच आहे, घरचे लोक नांदेडचे. तिकडच्या कुणीतरी विचारलं की मुलीचे वडील अजून दर रविवारी जुन्या जावयाकडे कशाला जातात, काही भानगड आहे का. मामींना काय उत्तर द्यावं कळेना. त्यांनी मामांना विचारलं, तेव्हा मामा म्हणाले की गाडी हातात घेतलीय, अर्धी टाकून देणार नाही, गाडी होईपर्यंत जाईन. गाडी झाली की जाणं बंद, असा शब्द त्यांनी मामींना दिला होता.

"तुमच्यावर राग नाही बाबा," मामी म्हणाल्या. "पण गाडी झाली की पुरे करा. तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन गाडीकडे बघितलं. इंजिन बसलं होतं, गिअरबॉक्स बसला होता, ब्रेकचे पाइप घातले होते. मागचं जुनं हौजिंग तेवढं तडकलं होतं. ते बदललं की गाडी चालणार, आणि गाडी चालली की मामा यायचे थांबणार. इतका सरळ हिशोब मी आयुष्यात कधी केला नव्हता.

हौजिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली लोखंडी नळी. तिच्या मधोमध हंड्यासारखं गोल पोट असतं आणि त्या पोटातली दातेरी चाकं इंजिनाची ताकद दोन्ही चाकांकडे वळवतात. माझ्या इंजिनाला जुनं हौजिंग पुरणार नव्हतंच. बरं, ते सहज बदलता येतं असंही नाही. मजबूत पाहिजे, रुंदी बरोबर पाहिजे, कारण मागचे मडगार्ड आम्ही ठेवले होते आणि टायर बाहेर आला तर मडगार्डला घासणार. वर माझं खूळ. आम्ही डिकीखालचा पत्रा काढल्यामुळे मागून बघणाऱ्याला पहिल्यांदा हौजिंगच दिसणार, म्हणून ते त्या काळचंच पाहिजे, गुळगुळीत गोल पाठीचं. आजकालच्या हौजिंगला मागून झाकण असतं आणि झाकणाला बोल्टांची रांग. मामांच्या मते त्यात काही वाईट नव्हतं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला कॉलेजच्या पोराचे बूट घातल्यासारखं दिसेल. मामांनी स्वतःच्या पायातल्या बुटांकडे बघितलं. ते कॉलेजच्या पोराचेच असावेत तसे हिरवे होते, मुलीनं पाठवलेले. मी विषय बदलला.

नामपल्लीच्या पलीकडे जुन्या गाड्या तोडणारे एक चाचा आहेत. त्यांच्या वाड्यात माझ्या वयाच्या दुप्पट वयाचं लोखंड पडलेलं असतं. जायच्या आधी मामांनी आमच्या गाडीचं माप घेतलं. ते टेप वापरत नाहीत. वर्कशॉपात सगळे फिटर सुतळीवर माप घ्यायचे, ती सवय. सुतळी इकडच्या चाकाच्या जागेपासून तिकडच्या चाकाच्या जागेपर्यंत ताणायची आणि दोन्ही टोकांना गाठ मारायची. मधे जिथं स्प्रिंगा बसतात तिथं आणखी दोन गाठी. आकडा लिहायचा नाही, वाचायचा नाही. सुतळी खिशात घालून जायचं आणि नव्या मालावर धरून बघायची. माप बसलं तर बसलं.

चाचांकडे तीन हौजिंगं निघाली. एकाला मागून झाकण होतं, ते मी पायानंच बाजूला केलं. दुसरं पाहून मी तिथंच थांबलो. पाठ गोल, गुळगुळीत, नळ्या बारीक होत होत चाकाकडे गेलेल्या, वर ग्रीसचा इतका जाड थर की गंजाला शिरायला जागाच मिळाली नव्हती. तिसरंही गोल पाठीचंच होतं, पण कुठल्यातरी लहान ट्रकचं असावं, अंगानं दांडगं. मामा दुसऱ्यापाशी बसले. पोटात बोट घालून दाते चाचपले. पान्यानं नळीवर टकटक केलं आणि कान लावला. तडा असला तर लोखंड बसक्या आवाजात बोलतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. हे स्वच्छ वाजलं. मग सुतळी लावली. चारही गाठी जिथल्या तिथं पडल्या.

मामा उठले आणि तिसऱ्यापाशी जाऊन बसले.

"हे बी बघू," म्हणाले.

एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. सुतळी ताणली. माझ्याकडची गाठ नळीच्या कडेवर होती. त्यांच्याकडची गाठ कडेला पोचलीच नाही, चार बोटं आत राहिली. मला ती स्पष्ट दिसली. मामांचा अंगठा हळूच सरकला आणि गाठीवर बसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बसतंय," मामा म्हणाले.

"हौ मामा," मी म्हणालो, "बसतंय."

चाचा मागं उभे होते. ते म्हणाले की मियाँ, वो दूसरा देखो, ये चौड़ा है. मामांनी त्यांना नक्को म्हणून हात केला. ट्रकचं हौजिंग मजबूत असतं, आपल्या इंजिनाला तसंच पाहिजे, असं काहीतरी ते मला समजावून सांगत राहिले, आणि मी मान डोलवत राहिलो. चार माणसांनी ते धूड रिक्षाट्रॉलीत चढवलं.

त्या दिवशी परत येताना मी स्वतःला बरंच काही सांगितलं. सासऱ्याची चूक जावयानं चारचौघांत काढायची नसते. म्हाताऱ्या माणसाचे डोळे आहेत, गाठ दिसली नसेल. अंगठा आपोआप पडला असेल. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि त्यातलं काहीही खरं नाही हे मला माहीत होतं. निदान माझ्यापुरतं तरी. माझे डोळे चांगले आहेत. मी गप्प बसलो कारण चार बोटं रुंद हौजिंग म्हणजे अजून कितीतरी रविवार.

आणि ते रविवार खरंच मिळाले. हौजिंग गाडीखाली सरकवलं तेव्हा दोन्ही टायर मडगार्डच्या बाहेर डोकावले. मामांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, काय की, सुतळी ताणली असेल. मी म्हणालो, असेल. मग ठरलं की नळ्या कापून दोन्हीकडून दोन-दोन बोटं कमी करायच्या. हे करता येतं, अमेरिकेतली पोरं करतात, पण त्याआधी हौजिंग पूर्ण खोलावं लागतं. एक रविवार ड्रम काढण्यात गेला. एक डिझेलमध्ये भिजवून ग्रीस खरवडण्यात. एक बेअरिंग कुठलं लागेल यावर चर्चा करण्यात. मग लेथवाल्याला दाखवायला नेलं तर तो गावाला गेलेला. मामांना याचं काहीच दुःख झालं नाही. त्यांनी लेथवाल्याच्या बंद शटरकडे बघून मोठ्या समाधानानं चहा सांगितला.

मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. मामा कधी नव्हे ते बोलायला लागले होते. वर्कशॉपात नवीन असताना एका बसचं हौजिंग त्यांनी उलटं बसवलं होतं, आणि बस पुढचा गिअर टाकला की मागं जायची. फोरमननं त्यांना ओरडायच्या ऐवजी त्या बसमध्ये बसवून डेपोभर उलटं फिरवलं. हे सांगताना ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. त्यांची मुलगी लहानपणी त्यांच्या पान्यांची घरात दुकानं मांडायची, हेही एकदा सांगून गेले. मग थांबले. मी म्हणालो, मला नंबर बाराचा पाना द्या मामा. त्यांनी दिला. ती सुखी होवो असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं, आणि तिचे वडील मात्र मला ठेवून घ्यायचे होते. दोन्ही एकदम कसं जमायचं, ते मला कळत नव्हतं.

पावसाळा सरला आणि मामींचा पुन्हा फोन आला. आवाज थकलेला होता. दसऱ्यानंतर मुलाकडची मंडळी घरी यायची होती. मामांना विचारलं की गाडी कुठवर आली, तर ते म्हणतात होईल, होईल. घरात दोघांचा अबोला झाला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, असं मामी म्हणाल्या.

मला माझीच लाज वाटली. माझ्या रविवारांसाठी दोन म्हातारी माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती, आणि मी इकडे डिझेलमध्ये हात घालून खुशाल हसत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो. मामांची सुतळी शेडमध्ये खिळ्याला असायची. ती खिशात घातली आणि चाचांकडे गेलो.

मला बघून चाचांनी दाढी कुरवाळली आणि विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं, ते दुसरं हौजिंग, गोल पाठीचं. चाचा पायातली चप्पल सरळ करत म्हणाले, "तुमारे ससुर आए थे. जिस दिन तुम लोगां चौड़ा वाला लेको गए, उसके दो रोज बाद. बोले, दामाद आया तो बोल देना वो बिक गया."

मी खिशातली सुतळी बाहेर काढली.

"मैं बोला, मियाँ, इस उमर में मेरे से झूट नक्को बुलवाओ," चाचा म्हणाले. "तो बोले, ठीक है, टायरां के पीछे डाल दो, दिखेगा नहीं तो पूछेगा नहीं."

ते आत गेले आणि टायरांचा ढीग हलवायला लागले. मी तिथंच एका उलट्या ड्रमवर बसलो. म्हणजे अंगठा चुकून पडला नव्हता. वर्कशॉपात अडतीस वर्षं ज्यानं एक सूत इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, त्या माणसानं माझ्याकडे बघत, माझ्यासाठी, चार बोटांचं खोटं माप दिलं होतं. मला वाटत होतं लबाडी फक्त मीच करतोय. आम्ही दोघंही तेच करत होतो, आणि एकमेकांचा मान ठेवायच्या नादात एकमेकांना सांगत नव्हतो. चाचांच्या वाड्यात त्या सगळ्या मोडक्या गाड्यांमधे मला हसू आलं आणि रडूही आलं. चाचांनी ते पाहिलं नसल्यासारखं केलं.

हौजिंगवर मी सुतळी लावली. मला लावायची गरज नव्हती, तरी लावली. पोटातले दाते बोटांनी मोजले, नळीवर पाना वाजवून कान लावला. जसं मामांनी शिकवलं तसं सगळं केलं, आणि ते घरी आणलं.

रविवारी मामा आले. शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ते हौजिंग ठेवलेलं होतं. मामा दारातच थांबले. पिशवी खाली ठेवली नाही. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं धावत जाऊन ते परत टायरांमागं टाकून यावं.

"चाचानं दिलं का?" त्यांनी विचारलं.

"मागितलं म्हणून दिलं," मी म्हणालो.

मग त्यांनी पिशवी ठेवली आणि कामाला लागले. मी त्यांना इतक्या झपाट्यानं काम करताना कधी बघितलं नव्हतं. रागावले होते. माझ्यावर, चाचांवर, की स्वतःवर, कुणास ठाऊक. जॅक, ठोकळे, स्प्रिंगा, कड्या, नट. हाताला हवा तो पाना मी देत होतो, ते नजर न उचलता घेत होते. हौजिंग स्प्रिंगांवर असं बसलं जसं गाडीबरोबरच जन्माला आलं असावं. साडेबाराच्या सुमाराला त्यांनी शेवटचा नट आवळला आणि गाडीखालून बाहेर आले. टायर मडगार्डच्या आत होते. मागून ती गोल पाठ दिसत होती. मी सहा वर्षं जे डोळ्यांपुढं आणलं होतं ते समोर होतं, आणि मला ते बघवेना.

मामा चिंधीनं हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर ते पिशवी उचलतील, हे मला कळत होतं.

"मामा, गाडी झाली," मी म्हणालो. "मामींना दिलेला शब्द संपला. तुम्ही यायचं थांबवलंत तर मी काही म्हणणार नाही, मला तो हक्क नाही. पण तुम्ही यावं असं मला वाटतं. गाडीसाठी नाही. माझे वडील लवकर गेले, आणि मला आता तुम्हीच आहात. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. चार बोटं जास्त आहेत हे त्या दिवशी मलाही दिसलं होतं."

मामांचे पुसणारे हात थांबले. "दिसलं होतं?" म्हणाले.

"हौ."

"मला वाटलं, पोरगं आंधळं आहे काय की," ते म्हणाले. मग त्यांनी चिंधी घडी करून फळीवर ठेवली, शेडच्या बाहेर आले आणि घराच्या दाराकडे बघितलं.

"जेवायला काय केलंय?" त्यांनी विचारलं.

मी तिथल्या तिथं उभा राहिलो. आमचं लग्न अकरा वर्षं टिकलं, आणि त्या अकरा वर्षांत, नंतरच्या दोन वर्षांतही, मामांनी आमच्या घरातला पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांच्या घराण्यात तशी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही. चहा ते कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मागवत, बाटली घरून आणत, आणि एक वाजला की जेवायला बरकतपुऱ्याला परत जात. सुरुवातीला मी आग्रह केला होता, मग तिनंच मला गप्प केलं. नंतर मी विसरूनही गेलो होतो.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही खात नाही ना इथं."

"लेकीच्या घरी खात नाही," मामा म्हणाले. "हे आता लेकीचं घर कुठंय."

ते हे सहज म्हणाले, पण म्हणून झाल्यावर त्यांचे डोळे भरून आले आणि ते दुसरीकडे बघायला लागले. मी नळावर त्यांच्या हातांवर पाणी घातलं. आत खिचडी होती आणि खट्टा, म्हणजे चिंचेचं पातळ सार, सकाळी एकट्यासाठी केलेलं. मी ते दोन ताटल्यांत वाटून घेतलं. मामा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, पहिला घास घेतला, आणि न विचारता खिशातून फोन काढून घरी लावला. स्पीकर चालू झाला. तो त्यांना बंद करता येत नाही.

"गाडी झाली," मामा म्हणाले. "मी पाहुण्यांकडं जेवतोय. जेवून येईन. आणि पुढच्या रविवारी बी येणार आहे इथं, गाडी झाली तरी. त्या लोकांना काय सांगायचं ते सांग. मला विचारलं तर मी सांगीन."

पलीकडून काही आवाज आला नाही. मामांनी घास हातात तसाच धरला होता. मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता, आणि मला वाटलं मामींनी फोन ठेवला. मग त्यांनी मला हाक मारली. मी म्हणालो, बोला मामी. काय वाढलंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"खट्टा त्यांना थोडाच द्या," मामी म्हणाल्या. "चिंच चालत नाही त्यांना, खोकतात."

मी मामांच्या ताटलीतला अर्धा खट्टा माझ्या ताटलीत ओतून घेतला.